चष्मा काढेपर्यंत

रसिका ढोबळेने लग्नानंतर नवऱ्याची एकही मॅच चुकवली नाही, आणि त्याचा एकही फ्री थ्रो पाहिला नाही.

फ्री थ्रो म्हणजे फाउल झाल्यावर मिळणारा मोकळा नेम. खेळ थांबतो. बाकीचे बाजूला होतात आणि एकटा खेळाडू रेषेवर उभा राहून बास्केटकडे बघतो. अडवायला कोणी नसतं, म्हणून हुकला तर दोष द्यायलाही कोणी नसतं. रसिकाला ते बघवायचं नाही. सातव्या ओळीत, जिन्याला लागून तिची खुर्ची होती. शिट्टी वाजली की ती चष्मा काढायची आणि ओढणीने काचा पुसत बसायची. तिचा नंबर एवढा मोठा होता की चष्म्याशिवाय तिला समोरच्या माणसाचं नाकसुद्धा दिसत नसे.

तिचा नवरा तुषार रेषेवर उभा राहून आधी सातव्या ओळीत बघायचा. तिने चष्मा काढला की बॉल सोडायचा. मग हात वर करून अंगठा दाखवायचा. बघ आता, एवढाच त्याचा अर्थ. बॉल गेला तरी अंगठा, हुकला तरी अंगठा. आपण हुकलो म्हणून तिला आंधळी कशाला ठेवायची, असं त्याचं म्हणणं.

"पण चष्म्याशिवाय तुला माझा अंगठा दिसतो कसा?" त्याने एकदा विचारलं होतं.

"नाही दिसत."

"मग चष्मा परत कधी लावायचा, ते कसं समजतं?"

"कळतं," ती म्हणाली, आणि कढईतली भाजी परतू लागली.

ती गेली तेव्हा नागपुरात कडक थंडी होती. आजार लहान होता. लहान म्हणजे थोडे दिवस टिकलेला. उन्हाळा तुषारने घरात काढला. पावसाळ्यात सराव सुरू झाला तेव्हा तो गेला, कारण दुसरीकडे कुठे जायचं ते त्याला सुचलं नाही. तो अडतीस वर्षांचा होता, 'झिरो माईल' संघाचा कॅप्टन होता, आणि मैदानावरच्या पाच जणांत बाकीचे चौघे त्याच्या निम्म्या वयाचे होते.

त्याच मोसमात टिकली आली.

तिचं खरं नाव वेगळं होतं, पण छातीवर हाडाच्या मध्यभागी चिकटवायची ती गोल चकती दिसायची टिकलीसारखी, म्हणून पोरांनी तेच नाव ठेवलं. कपडे बदलायच्या खोलीत रोज त्यावरून थट्टा चालायची. "अबे, टिकली लावल्याशिवाय बाहेर नको निघू, लोकं काय म्हणतील," असं फैझान म्हणायचा. फैझान कामठीचा, संघातला सगळ्यात बोलका.

टिकलीमागचं शास्त्र अवघड नव्हतं. दोन माणसं गप्पा मारत चालू लागली की थोड्या वेळाने त्यांची पावलं जुळतात. भजनाला बसलेल्यांचा श्वास एका लयीत येतो. हृदयाचे ठोकेही असेच जुळतात, हे शास्त्रज्ञांना बऱ्याच आधीपासून माहीत होतं. प्रश्न एवढाच होता की ते जुळायला वेळ लागतो. एखादा संघ एकमेकांच्या अंगवळणी पडायला दोन-तीन वर्षं जातात. टिकली ते काम दोन-तीन महिन्यांत करायची. ती खेळाडूचे ठोके, श्वास आणि स्नायूंचा ताण टिपायची आणि मैदानावरच्या बाकी चौघांच्या छातीवर हलक्या थापेने पोचवायची. पहिले काही दिवस थाप जाणवायची, गुदगुल्याही व्हायच्या. मग मेंदू ती थाप मोजणं सोडून द्यायचा. अंधारात आपला पाय कुठे आहे हे जसं न बघता माहीत असतं, तसं मागचा फैझान दमलाय, डावीकडचा आता पळणार आहे, हे नुसतं माहीत असायचं. वळून न बघता पास जायचे.

फक्त टिकलीला काय पोचवायचं आणि काय नाही, ते समजत नव्हतं. ती सगळंच पोचवायची.

एका सकाळच्या सरावात तुषारला फाउल मिळाला. शिट्टी वाजली. तो रेषेवर उभा राहिला, आणि सवयीने त्याची नजर सातव्या ओळीत गेली. खुर्ची रिकामी होती. त्या वेळी सगळ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या. तो तरीही थांबला. मग बॉल सोडला. हुकला.

बाजूला उभा असलेला देवांशू मडावी खाली बसला आणि रडू लागला.

देवांशू एकोणीस वर्षांचा, बल्लारपूरचा. उंच, लाजाळू, मोठ्यांशी बोलताना वाक्याला 'जी' लावणारा. तो याच मोसमात संघात आला होता. त्याचे आईवडील, दोन्ही आजोबा, दोन्ही आज्या, सगळी माणसं धडधाकट होती.

"काय बे, कांदे कापून राहिला का?" फैझान म्हणाला. मग त्याचेच डोळे भरून आले.

"मले समजूनच नाही राहिलं," देवांशू नाक पुसत म्हणाला. "काही झालंच नाही ना जी. मी काहून रडून राहिलो?"

तुषारला समजलं होतं. तो पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेला आणि जिन्यावर बराच वेळ बसून राहिला. आपलं ओझं आपण न विचारता एका पोराच्या छातीवर ठेवलं, असं त्याला वाटलं.

तीन-चार आठवड्यांनी एका दुपारी डॉक्टर ऋजुता बोबडेने त्याला आलेख दाखवला. संघाच्या टिकल्या सांभाळायचं काम तिच्याकडे होतं. ती तिशीची होती आणि तुषारला दादा म्हणायची. पडद्यावर पाच रंगांच्या पाच रेषा होत्या. एका जागी तुषारची लाल रेष अडखळत होती आणि तिच्या मागोमाग बाकी चारही.

"फ्री थ्रोची शिट्टी झाली की हे होतं, दादा. दर वेळी. आणि मग पुढची दोन-तीन मिनिटं पोरांची जुळणी खाली जाते."

"बंद करता येईल का?"

"टिकली बंद केली तर तुम्ही त्यांच्यासाठी मैदानावर नसल्यासारखेच. पण एक उपाय आहे. मागच्या वर्षी एका मॅचमध्ये आपण पहिली चाचणी तुमच्यावर घेतली होती, आठवतं? तेव्हाची नोंद आहे माझ्याकडे. आत्ताच्या ठोक्यांऐवजी ती पाठवता येईल. पळाल तेव्हा पळतानाची, थांबाल तेव्हा थांबल्याची. आम्ही त्याला पडदा म्हणतो. पोरांना फरक कळणार नाही."

मागच्या वर्षी. म्हणजे ती सातव्या ओळीत होती तेव्हाचं हृदय. तुषार आलेखाकडे बघत राहिला.

"लावा पडदा," तो म्हणाला.

आणि पडद्याने काम केलं. संघ जिंकू लागला. पास हातात येऊन पडू लागले. कोच गजभिये सर, जे सहसा हसत नसत, ते एकदा त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आलास बाबा परत." फैझान म्हणाला, "भाऊ पहिल्यासारखे झाले." फैझानही याच मोसमात आलेला, त्याने तुषारला पहिल्यासारखा कधी पाहिलाच नव्हता. तो टिकलीबद्दल बोलत होता.

तुषारला मात्र विचित्र वाटू लागलं. पोरांचं सगळं त्याच्यापर्यंत पोचत होतं. त्यांचा दम, त्यांची भीती, बास्केट झाल्यावरची त्यांची उडी. त्याचं काहीच त्यांच्याकडे जात नव्हतं. पोरं एका सुखी माणसाबरोबर खेळत होती, ज्याची बायको मॅच संपल्यावर जिन्यापाशी उभी राहणार होती. कधीकधी तुषारला त्या माणसाचा हेवा वाटायचा. मॅच संपली की तो घरी जायचा, कुलूप काढायचा. न्हाणीघरातल्या आरशावर रसिकाच्या दोन टिकल्या चिकटलेल्या होत्या. त्याने छातीवरची काढून एकदा सहज त्यांच्या शेजारी लावून पाहिली. मोठी होती, शोभली नाही.

संघ फायनलच्या जवळ आला तसे देवांशूचे फ्री थ्रो बिघडले. मोसमाच्या सुरुवातीला त्याचा नेम सहसा चुकत नसे. आता दोनातला एक जाईना. कोचनी त्याचं कोपर तपासलं, पाय तपासले, व्हिडिओ दाखवले. काही सापडलं नाही.

एका सकाळी तुषार त्याला घेऊन सदर नावाच्या भागातल्या एका गाडीवर तर्री पोहे खायला गेला. मोठा खेळाडू लहानाला खायला नेतो तेव्हा रागावणार असतो, हे पोरांना माहीत असतं. देवांशूने पहिली प्लेट मान खाली घालून संपवली.

"आणखी घे."

"नको जी."

"घे ना बे. उपाशी पोराला मी काय बोलणार?"

दुसरी प्लेट आली. तर्रीचा ठसका लागला, पाणी पिऊन झालं, आणि मग देवांशू म्हणाला, "भाऊ, एक विचारू का? रागावू नका."

"बोल."

"फ्री थ्रोच्या आधी तुमच्याकडून एक काहीतरी येत होतं. आता नाही येत. ते काहून बंद केलं?"

तुषारच्या हातातला चमचा थांबला. पडद्याबद्दल पोरांना सांगितलेलं नव्हतं.

"त्यानेच तर तू रडला होतास."

"रडलो ना जी. पहिल्या वेळी रडलो. दुसऱ्या वेळी नुसते डोळे ओले झाले. मग पुढं तसं नाही वाटलं." तो शब्द शोधत होता आणि ते सापडत नव्हते म्हणून प्लेटमधली शेव बोटाने सरकवत होता. "कसं सांगू? शिट्टी झाली की सगळे ओरडते, डोकं गरम होते. तेव्हा तुमच्याकडून एक ठोका थांबून यायचा. जसं कोणी म्हणून राहिलं, थांब, घाई नको करू, अजून तयार नाही झालं. मग तयार झालं की हात आपोआप सुटायचा. मी त्याच्यावरच नेम धरायचो. माझे फ्री थ्रो असले तरी तुम्हाला शिट्टी ऐकू यायचीच ना, तुमचा ठोका यायचाच."

"आणि आता?"

"आता तुमच्याकडून सगळं गोड गोड येते. जशी एखादी जाहिरात." तो चपापला. "सॉरी भाऊ."

तुषारला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं.

"आणखी एक," देवांशू म्हणाला. "तुम्ही वर पाहता ना, सातव्या ओळीत. मीही पाहतो. तिथं कोणी बसतच नाही. पण तिकडं पाहिल्याशिवाय मले बॉल सोडताच येत नाही. आमच्या बाबानं टीव्हीवर पाहिलं. म्हणे, काय रे, तिथं कोण पोरगी बसते?"

मग तुषारने त्याला चष्म्याचं सांगितलं. हे त्याने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते काही नव्हतंच. एक बाई चष्मा काढायची, एक माणूस थांबायचा, एवढंच. नाकसुद्धा दिसत नसे हे ऐकून देवांशू खो खो हसला आणि मग आपण हसलो म्हणून ओशाळला.

"हस. तीही हसायची."

"म्हणजे भाऊ, मी इतके दिवस वहिनीनं चष्मा काढायची वाट पाहत होतो?"

"हो."

"मले माहीतच नव्हतं," देवांशू म्हणाला. "पण तुम्ही मले न विचारता ते काढून घेतलं."

तुषारने गाडीवाल्याला चहा सांगितला.

तिथून तो सरळ ऋजुताकडे गेला. मागच्या वर्षीच्या नोंदीतला फ्री थ्रोचा भाग दाखवा म्हणाला.

"तो मी कापलाय, दादा. तिथेही एक ठोका उशिरा पडत होता. दोष वाटला, म्हणून गुळगुळीत करून घेतलं." बोलता बोलता तीच थांबली. तिने जुनी नोंद काढली आणि हल्लीची तिच्याखाली लावली. वरच्या ओळीत एक ठोका थांबत होता, मग पुढचा शांतपणे पडत होता. खालच्या ओळीत तोच ठोका, त्याच जागी, तेवढाच थांबत होता. फक्त पुढचे ठोके सैरभैर होते.

"म्हणजे ही अडखळ दुःखाची नाहीच," ऋजुता हळू म्हणाली. "ही आधीपासून होती. दुःख नंतर तिच्यावर येऊन बसलंय." तिने खुर्ची वळवली. "मी चुकीचा भाग कापला, दादा."

"पडदा काढा."

"काढते. पण मग जुळणी पडेल, हे तुम्हाला माहीत आहे. फायनलला पाच दिवस राहिलेत."

गजभिये सरांनी सगळं ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी खिडकी उघडली, बंद केली, मग म्हणाले, "हे बघ तुषार. तू म्हणतोस ते खरं असेल. पण तू आत असताना जुळणी सत्तर टक्क्यांच्या खाली गेली तर मी तुला फायनलला आत ठेवू शकत नाही. वरून हुकूम आहे. पडदा ठेव, आणि खेळ. निवृत्तीआधीची तुझी शेवटची मॅच आहे. कॅप्टन म्हणून खेळ."

"आणि सरावात पडदा काढला, पोरांना ते परत मिळालं, तर?"

"एकदा काढलेला पडदा पाच दिवसांत परत जमणार नाही. तर सराव तुझा आणि फायनल त्यांची. त्यांना ते मिळेलही. पण तू बेंचवर बसशील. बेंचवरची टिकली कोणापर्यंत पोचत नाही, हे तुला माहीत आहे."

तुषारने वीस वर्षं या खेळात काढली होती. शेवटच्या मॅचमध्ये मैदानावर असावं, आपलं नाव पुकारलं जावं, जर्सी घामाने ओली करून काढावी, असं त्याला फार वाटत होतं. रसिका असती तर काय म्हणाली असती याचा त्याने विचार केला. ती म्हणाली असती, मला बास्केटबॉलमधलं काय कळतं? आणि भाजी परतू लागली असती.

"बसतो बेंचवर," तो म्हणाला.

उरलेले दिवस त्याने पडदा काढून सराव केला. पोरांना त्याने आधीच बसवून सगळं सांगितलं. जड वाटेल, म्हणाला. कोणाला नको असेल तर सांगा, आत्ताच सांगा, वाईट वाटणार नाही. कोणी नको म्हणालं नाही. पहिल्या शिट्टीला सगळ्यांची जुळणी कोसळली. फैझान भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, मग वळून म्हणाला, "चला ना भाऊ, आणखी एक." असे त्यांनी भरपूर फ्री थ्रो मारले. हळूहळू तुषारच्याही लक्षात एक गोष्ट आली. पडदा असताना त्याला पोरांचे ठोके यायचे, पण ते त्या सुखी माणसासाठी असायचे. आता तो थांबला की चारही पोरं त्याच्यासाठी थांबत होती. तो ठोका एकट्याने ओढायला लागत नव्हता.

फायनलला स्टेडियम गच्च भरलं होतं. तुषार बेंचवर, टॉवेल खांद्यावर घेऊन बसला. टिकली लावलेली होती, पण तिच्यात काहीच येत-जात नव्हतं. तो जुन्या पद्धतीने ओरडून ओरडून पोरांना सांगत होता. डावीकडे बघ, मागे बघ, श्वास घे. त्याचा घसा बसला.

शेवटची काही सेकंद उरली तेव्हा दोन्ही संघांचे गुण सारखे होते. देवांशू बॉल घेऊन घुसला आणि त्याला पाडलं गेलं. शिट्टी वाजली. दोन फ्री थ्रो.

पहिला त्याने घाईने मारला. रिंगच्या काठाला लागून बाहेर आला. चौघांनी जाऊन त्याच्या तळहातावर टाळी दिली. बॉल हुकला तरी टाळी द्यायची, हा या खेळाचा जुना रिवाज आहे. देवांशूने दुसऱ्यासाठी बॉल हातात घेतला आणि सातव्या ओळीत पाहिलं.

जिन्यालगतच्या खुर्चीत एक जाडे गृहस्थ बसले होते. फायनलची गर्दी, कोणीतरी पाहुण्यांना ती जागा देऊन टाकली होती. ते चिवड्याचा पुडा मांडीवर घेऊन डोळे फाडून देवांशूकडेच बघत होते.

देवांशूची नजर तिथून खाली आली, इकडेतिकडे गेली, आणि बेंचवर येऊन तुषारवर थांबली. बॉल हातात तसाच. पंच घड्याळाकडे बघू लागला.

"मार ना बे," शेजारचा राखीव खेळाडू पुटपुटला.

तुषारला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. पोरगा वाट बघत होता. इतकी वर्षं रेषेवर उभं राहून तुषार जशी वाट बघायचा, तशी. कोणीतरी चष्मा काढायला हवा होता.

तुषारला चष्मा नव्हता. त्याने खांद्यावरचा टॉवेल घेतला आणि डोक्यावरून तोंडावर ओढला.

आत अंधार होता आणि साबणाचा वास होता. त्याला काहीही दिसत नव्हतं. टिकली गप्प होती. हजारो माणसं गोंगाट करत होती आणि त्या गोंगाटात एका पोराने बॉल एकदा जमिनीवर आपटला, दोनदा आपटला. मग सगळा गोंगाट एकाच वेळी थांबला. सगळ्यांनी एकच श्वास आत ओढून धरला. तो श्वास तुषारच्याही छातीत होता. इथे बसून असं वाटतं तर, त्याच्या मनात आलं. ती इथे बसायची.

मग कुठेतरी, आवाज व्हायच्या अगदी आधी, त्याला कळलं. कसं ते त्याला सांगता आलं नसतं.

त्याने टॉवेल काढला. बॉल जाळीतून खाली पडत होता. स्टेडियम उठून उभं राहिलं होतं, फैझान हात पसरून पळत सुटला होता, आणि रेषेवर देवांशू बेंचकडे तोंड करून, हात उंच करून, अंगठा दाखवत उभा होता.